जुन्या ऐरणीची पारख

ऐरण झिजते, पण सहसा संपत नाही. भाता फाटतो, सांडशीची खीळ ढिली पडते, हातोड्याचा दांडा दर काही वर्षांनी बदलावा लागतो. ऐरण मात्र एका लोहाराकडून दुसऱ्याकडे जात राहते. इंग्लंड-अमेरिकेत शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीच्या ऐरणी आजही शेतावरच्या कोठारांत, बंद पडलेल्या कारखान्यांच्या कोपऱ्यांत, घरसामानाच्या लिलावांत सापडतात आणि लोहारकी नव्याने शिकू पाहणारा त्यांच्याच शोधात असतो. नवी चांगली ऐरण महाग पडते आणि स्वस्तात मिळणारी बहुधा निव्वळ बिडाची निघते. जुनी ऐरण घेताना मात्र वस्तूबरोबर तिचा भूतकाळही पदरात पडतो. तो भूतकाळ विकणाऱ्याला ठाऊक असतोच असे नाही. ऐरणीच्या अंगावर तो बऱ्यापैकी लिहिलेला असतो.

चित्रांत दिसते ती ऐरण ‘लंडन’ घाटाची. एका बाजूला निमुळते, गोलसर शिंग. त्याच्या मुळाशी माथ्यापेक्षा एक पायरी खाली असलेला छोटा चौथरा. मग लांबट, सपाट माथा. आणि दुसऱ्या टोकाला अधांतरी पुढे आलेली टाच. खाली बारीक कंबर, त्याखाली पसरलेले पाय. टाचेकडच्या भागात दोन भोके असतात. चौकोनी भोकात छिन्नी, वाकणी अशी खालून आधार देणारी हत्यारे बसवायची. गोल भोकावर तापलेली पट्टी धरून पोगराने छेद पाडायचा, म्हणजे कापलेला तुकडा खाली गळून जातो. नाल ठोकणाऱ्यांना खिळ्यांची भोके पाडायला या गोल भोकाचा फार उपयोग. शिंगावर लोखंडाला बाक द्यायचा आणि चौथऱ्यावर छिन्नीने तोडायचे. चौथरा मुद्दाम मऊ ठेवलेला असतो, कारण छिन्नी आरपार गेली तरी तिची धार तिथे मोडत नाही. एखाद्या ऐरणीचा चौथरा छिन्नीच्या घावांनी भरलेला आणि माथा स्वच्छ दिसला, तर तिचा मालक शिस्तीचा होता असे समजायला हरकत नाही. माथ्यावरच छिन्नीच्या रेघा असतील तर दुकान घाईचे होते, किंवा उमेदवारांच्या हाती सोडलेले.

महाराष्ट्रातल्या गावकामगार लोहाराची ऐरण या रूपाची नव्हती. जमिनीत पुरलेल्या लाकडी ओंडक्यात बसवलेला पोलादी ठोकळा, शिंग नाही, टाच नाही. लोहार जमिनीवर बसून काम करी, समोर घण मारणारा उभा. विळे, खुरपी, कुऱ्हाडी, नांगराचे फाळ आणि बैलगाडीच्या चाकाच्या धावा एवढे सगळे अशाच साध्या साहित्यावर निघत असे. शिंगाची ऐरण उभ्याने काम करणाऱ्याची आणि घोड्याच्या नालांच्या देशातली. दोन्ही आपापल्या जागी पुऱ्या आहेत. नवशिक्याला यातून एक गोष्ट कळावी: ऐरणीचे मर्म तिच्या आकारात नाही, तिच्या वस्तुमानात आणि माथ्याच्या कठीणपणात आहे.

हा कठीणपणा येतो कुठून, ते ऐरण कशी घडते यावरून कळते. एकोणिसाव्या शतकातल्या बहुतेक इंग्रजी ऐरणी घडीव लोखंडाच्या. घडीव लोखंड चिवट असते, त्याला लाकडासारखे तंतू असतात. पण त्यात कार्बन जवळजवळ नसल्यामुळे ते पाणी घेत नाही, म्हणजे तापवून विझवले तरी कठीण होत नाही. नुसत्या घडीव लोखंडाचा माथा काही महिन्यांत खड्ड्यांनी भरून जाईल. म्हणून घडीव लोखंडाच्या धडावर अर्ध्या इंचाच्या आसपास जाडीची पोलादी पट्टी तापवून, ठोकून सांधत. धड तरी एका तुकड्याचे कुठे असे? शिंग, टाच, पाय वेगवेगळे घडवून धडाला जोडलेले असत. एवढा तापलेला गोळा चिमट्याने उचलणे शक्य नव्हते. त्यासाठी कंबरेत आणि बुडाशी चौकोनी खोबणी पाडत आणि त्यांत लोखंडी दांडे खुपसून ऐरण फिरवत. जुन्या ऐरणीच्या कंबरेत किंवा पायांखाली अशी खोबणी दिसली, तर ती घणाखाली घडलेली असण्याचा संभव मोठा. शेवटी माथ्याला पाणी देण्याचे काम. लालभडक ऐरण नुसती हौदात बुडवून भागत नसे. भोवतीच्या पाण्याची लगेच वाफ होई आणि माथा हवा तितक्या झपाट्याने थंड होत नसे. म्हणून माथ्यावर पाण्याचा जोरदार लोट सोडत.

दुसरी रीत ओतीव ऐरणीची. अमेरिकेत मार्क फिशर यांनी १८४७ मध्ये एका पद्धतीचे पेटंट घेतले. तिच्यात साच्यात पोलादी पट्टी ठेवून तिच्यावर वितळलेले बीड ओतत आणि पट्टी व धड एकजीव होई. फिशरच्या ऐरणीच्या कुशीवर गरुडाचे उठावदार चित्र असते. इलिनॉय राज्यात कार्पेंटर्सव्हिलला बनणारी ‘व्हल्कन’ही याच जातीची, बिडाच्या धडाची आणि पोलादी माथ्याची. स्वीडनच्या ‘कोल्सवा’ आणि ‘सोडरफोर्स’ या ऐरणी याहून निराळ्या, संपूर्ण ओतीव पोलादाच्या. त्यांत सांधाच नाही, त्यामुळे सांधा सुटण्याची भीतीही नाही. नावांचा एक घोळ इथे आधीच सांगितलेला बरा. ‘ट्रेंटन’ असे नाव कोरलेली प्रसिद्ध अमेरिकन ऐरण ट्रेंटन शहरात बनत नव्हती, ती ओहायोतल्या कोलंबसची. न्यू जर्सीतल्या ट्रेंटन शहरात बनली ती फिशर.

ओतीव आणि घडीव यांतला भेद अक्षरांवरून चटकन ध्यानात येतो. अक्षरे पृष्ठभागातून वर उठलेली असतील तर ती साच्यातून आलेली आहेत, म्हणजे ऐरण ओतीव. अक्षरे आत ठोकलेली, थोडी वेडीवाकडी, एखादे खोल तर एखादे उथळ असतील, तर ती छाप्याने मारलेली आहेत आणि ऐरण बहुधा घडीव आहे. इंग्लंडात डडली हे ऐरणींचे मोठे गाव. तिथल्या पीटर राइट यांच्या ऐरणीवर त्यांच्या नावाखाली ‘पेटंट’ आणि एका वर्तुळात ‘सॉलिड रॉट’ असे शब्द असतात. शेफील्डजवळच्या माउसहोल भट्टीच्या नंतरच्या ऐरणींवर चक्क एका उंदराचे चित्र आहे. अमेरिकेत ब्रुकलिनच्या ‘हे-बडन’ने १८९० च्या सुमारास सुरुवात केली आणि १९२० च्या दशकात ती बंद झाली, तेवढ्या काळातल्या तिच्या कामाला लोहार आजही मान देतात.

नावापेक्षा गोंधळ उडवतात ते आकडे. इंग्रजी ऐरणीच्या कुशीवर बऱ्याचदा तीन आकडे सुटे सुटे ठोकलेले असतात, उदाहरणार्थ १·२·१०. अनेकजण ते वर्ष समजतात, कुणी थेट एकशे वीस पौंड वाचतो. प्रत्यक्षात ते हंड्रेडवेट या जुन्या इंग्रजी मापातले वजन आहे. पहिला आकडा हंड्रेडवेटचा, आणि नावात शंभर असले तरी एक हंड्रेडवेट ११२ पौंडांचा. दुसरा त्याच्या पाव भागांचा, म्हणजे २८ पौंडांचा. तिसरा उरलेल्या सुट्या पौंडांचा. तेव्हा १·२·१० म्हणजे ११२ अधिक ५६ अधिक १०, एकूण १७८ पौंड, सुमारे ८१ किलो. ०·३·२० म्हणजे १०४ पौंड, सुमारे ४७ किलो. मधला आकडा कधीही तीनच्या वर जात नाही आणि शेवटचा सत्तावीसच्या. गेला तर तो हंड्रेडवेटचा हिशेब नव्हे. ‘हे-बडन’ आणि ‘ट्रेंटन’ या अमेरिकन ऐरणी सरळ पौंडांत वजन सांगतात आणि पुढच्या पायावर त्यांचा अनुक्रमांकही असतो. तो क्रमांक मिळाला तर ऐरण कोणत्या सुमाराची ते बरेच जवळून सांगता येते. रिचर्ड पोस्टमन यांचा ‘अॅन्व्हिल्स इन अमेरिका’ हा १९९८ चा जाडजूड ग्रंथ अशा खुणांचा कोशच आहे.

खुणा पुसट झाल्या असतील तरी वय थोडेफार कळते. गोल भोक नसलेली, आखूड शिंगाची आणि जेमतेम टाच असलेली ऐरण जुन्या जमान्यातली. गोल भोकाची चाल एकोणिसाव्या शतकाच्या पहिल्या काही दशकांत रुळली. इंग्रजी ऐरणीवर ‘इंग्लंड’ हा शब्द असेल, तर ती १८९० च्या अमेरिकन जकात कायद्यानंतर परदेशी पाठवण्यासाठी बनलेली असण्याचा संभव अधिक, कारण आयात मालावर देशाचे नाव त्या कायद्याने सक्तीचे झाले. ऐरण आडवी पाडून बूड पाहण्याचे कष्टही वाया जात नाहीत. ‘हे-बडन’च्या बुडाला वाळूच्या घड्याळासारख्या आकाराचा खळगा असतो, ‘ट्रेंटन’च्या बुडाला लंबगोल. बुडाच्या अशा खळग्यांचा एक भलताच उपयोगही लोकांनी शोधून काढला होता. इंग्लंडात २३ नोव्हेंबरला, म्हणजे लोहारांचे संत मानल्या गेलेल्या क्लेमेंट यांच्या दिवशी, ऐरण उलटी ठेवून खळग्यात बंदुकीची दारू भरत, वर दुसरी ऐरण ठेवत आणि बत्ती देत. वरची ऐरण हवेत उडे आणि सगळ्या गावाला सणाची वर्दी मिळे.

पुसट अक्षरे वाचायला घाई उपयोगाची नाही. तारेच्या ब्रशने गंज हलकेच झाडावा, घासणारे यंत्र लावू नये. ते गंजाबरोबर अक्षरेही नेते. मग अंधारात बॅटरी कडेने, जवळजवळ पृष्ठभागाला टेकवून धरावी. सरळ उजेडात सपाट दिसणारे लोखंड तिरप्या उजेडात बोलू लागते. खडूची पूड चोळून पुसली तर ती खाचांत अडकून राहते. कागद ठेवून वर पेन्सिल घासली तरी पुष्कळदा एखादे अक्षर उमटते. बाकीचे मग त्याच्या आधाराने लागते.

नाव लागले म्हणजे परीक्षा संपली असे नाही. खरी परीक्षा इथून पुढे. पहिली उसळीची. बेअरिंगमधली इंचभर व्यासाची पोलादी गोळी दहा इंच उंचीवरून माथ्यावर सोडावी. ती आठ-नऊ इंच परत आली तर माथा उत्तम. सात इंचांच्या आसपास आली तरी शिकणाऱ्याचे काम छान भागते. निम्म्यावरच थांबली तर ऐरण बिडाची आहे किंवा माथ्याचे पाणी उतरलेले आहे. एकाच जागी सोडून भागत नाही. शिंगाच्या मुळापासून टाचेपर्यंत बोट बोट अंतरावर सोडत जावे. सगळीकडे उसळी चांगली आणि एकाच ठिकाणी गोळी मरगळली, तर तिथे पट्टी धडापासून सुटली असल्याचा संशय घ्यावा. ही उसळी म्हणजे नुसता कौतुकाचा आकडा नव्हे. घाव बसल्यावर हातोडा आपोआप वर येतो, तो उचलण्याचे निम्मे कष्ट ऐरण करते. मेलेल्या ऐरणीवर तोच घाव गिळला जातो. दिवसाच्या शेवटी ते काम पाहून कळत नाही, खांदा सांगतो.

दुसरी परीक्षा कानाची, आणि ती फसवी आहे. घडीव ऐरण मोकळी ठेवून छोट्या हातोडीने टोकली की घंटेसारखी घणघणते. सांधा सुटलेला असेल, कुठे तडा असेल, तर आवाज बसका, फुटल्यासारखा येतो. स्वीडनच्या पोलादी ऐरणी इतक्या कर्कश वाजतात की लोहार त्यांच्या कंबरेला साखळी गुंडाळतात किंवा टाचेखाली लोहचुंबक चिकटवतात. याच नादाने पायथागोरसला स्वरांच्या मेळाचे गणित सुचले अशी दंतकथा आहे. हातोड्यांच्या वजनांची जी प्रमाणे त्या कथेत सांगितली जातात ती भौतिकशास्त्राला पटत नाहीत, पण लोहाराच्या दुकानापाशी कान देऊन उभा राहिलेला तत्त्वज्ञ ही कल्पना लोकांना इतकी आवडली की ती शतकानुशतके टिकली. व्हेर्दीच्या १८५३ मधल्या ‘इल त्रोवातोरे’त ऐरणी तालात वाजतात, आणि वाग्नरने ‘दास राइनगोल्ड’साठी तब्बल अठरा ऐरणी मागितल्या. स्कॉटलंडच्या ग्रेटना ग्रीन गावी तर ऐरणीवर हातोडा पडला की लग्न लागले असे मानत. १७५४ पासून इंग्लंडात अल्पवयीनांना पालकांच्या संमतीवाचून लग्न करणे कठीण झाले आणि पळून आलेली जोडपी सीमेपलीकडच्या या पहिल्या गावी लोहाराला गाठू लागली. एवढा नादाचा महिमा असूनही फिशरची ऐरण वाजत नाही. बिडाचे धड कंपन शोषून घेते, नुसता ‘ठक्’ असा आवाज येतो, आणि तरी तिचा माथा अव्वल असतो. या अबोलपणामुळेच ती बंदिस्त जागेत काम करणाऱ्यांना बरी वाटे. नाद नाही म्हणून फिशर नाकारणारा खरेदीदार चांगली ऐरण हातची घालवतो.

तिसरी परीक्षा डोळ्यांची. काठांवरून सुरुवात करावी. माथ्याच्या कडांचे टवके उडालेले असतातच. हातोडा निसटला, थंडीत गारठलेल्या ऐरणीवर जोराचा घाव बसला, की पोलाद कडेला तुटते. थंड प्रदेशातले लोहार म्हणूनच हिवाळ्यात कामाआधी ऐरण कोमट करून घेतात. सगळा काठ शाबूत हवा हा हट्ट नवशिक्याने सोडावा. कुठेतरी वीतभर धारदार काठ आणि कुठेतरी वीतभर गोलसर काठ मिळाला की त्याचे काम होते. किंबहुना शिंगाजवळचा काठ अनुभवी लोहार मुद्दाम गोल करतात, म्हणजे लोखंड वाकवताना त्यात घडी पडत नाही. माथा मध्यभागी थोडा बसलेला असेल तर तोही दोष मानायची घाई नको. वर्षानुवर्षांच्या घावांनी तो बसतो, आणि वाकडी पट्टी सरळ करायला तो किंचित खोलगटपणा उपयोगीच पडतो, कारण पट्टीला उलट बाजूस थोडे जास्त दाबता येते. पट्टी ठेवून पाहावी. खाली दोन-तीन मिलिमीटर फट असेल तर हरकत नाही, बोट आत जात असेल तर दुसरी ऐरण बघावी. शिंगावरचे खड्डे आणि माथ्यावरचा उथळ गंज यांची काळजी करू नये. गंज कामानेच निघून जातो.

काही दोष मात्र माफ करण्यासारखे नाहीत. आगीत सापडलेल्या दुकानातली ऐरण पहिली. ती लाल होऊन हळूहळू थंड झाली असेल, तर तिचे पाणी गेले. दिसायला जशीच्या तशी, पण माथा मऊ. कोपऱ्यावर कानस घासून पाहिली की कळते. कठीण पोलादावरून कानस घसरते, मऊवर ती चावते. दुसरा दोष यंत्रावर माथा सपाट करून घेतलेला असण्याचा. गुळगुळीत, आरशासारखा माथा नवशिक्याला भुलवतो, पण मुळात अर्ध्या इंचाच्या पट्टीतून दोन-चार मिलिमीटर गेले म्हणजे कठीण थरातला चांगला भाग गेला. तिसरा दोष काठ वेल्डिंगने भरून काढलेले असण्याचा. आधी सगळी ऐरण नीट तापवली नसेल तर भरावाच्या शेजारचे पोलाद ठिसूळ होते आणि पुढच्या टवक्याची सोय आधीच झालेली असते. चौथा, चौकोनी भोकाच्या कोपऱ्यातून निघालेला तडा. मोठ्या आकाराचे हत्यार ठोकून बसवत राहिले की तो येतो आणि वाढत जाऊन एखाद दिवशी टाच गळून पडते. आणि नुकताच जाड रंग फासलेली ऐरण पाहिली की रंगाखाली काय झाकले आहे, हे विचारल्याशिवाय पैसे मोजू नयेत.

जुन्या ऐरणी आज दुर्मीळ आणि महाग का झाल्या, याला कारण आहे. घोडे गेले, मोटारी-ट्रॅक्टर आले, लोहारशाळा ओस पडल्या. दुसऱ्या महायुद्धातल्या भंगार गोळा करण्याच्या मोहिमांत कितीतरी ऐरणी भट्टीत गेल्या. नंतर लोहारकीला कलेचे रूप देणारी नवी पिढी आली. १९७३ मध्ये अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्यात लंपकिन येथे कलावंत-लोहारांची संघटना स्थापन झाली, आणि कोठारात धूळ खात पडलेल्या वस्तूंना गिऱ्हाईक मिळाले. संग्राहकांनी भाव आणखी चढवले. संग्राहक अक्षरांचे पैसे देतो. लोहाराने ते का द्यावेत?

वजनाचा मोहही आवरावा. किलोभराचा हातोडा चालवणाऱ्याला ४५ ते ७० किलोंची ऐरण पुरेशी होते. ऐरण हातोड्याच्या पन्नासपट असावी, असा एक जुना ठोकताळा आहे. त्याहून जड असेल तर उत्तमच, पण ती हलवायला माणसे लागतात आणि भाव किलोवर चढतो. नाल ठोकणाऱ्यांची लांब शिंगाची, पातळ टाचेची हलकी ऐरण दिसायला ऐटदार असते. पण जाड लोखंडाचे काम करायचे असेल तर तिच्या टाचेवर भरवसा ठेवू नये. ऐरण कठीण लाकडाच्या ओंडक्यावर पक्की बसवावी आणि तिचा माथा उभ्या माणसाच्या खाली सोडलेल्या मुठीच्या उंचीवर यावा. मनाजोगी ऐरण सापडेपर्यंत रेल्वेच्या रुळाचा तुकडा उभा करून, त्याच्या टोकावर काम चालवता येते. उभ्या रुळाचे सगळे वजन घावाच्या खाली येते, म्हणून तो आडव्या रुळापेक्षा बरा.

उसळी, मग सांधा, मग काठ, मग वजन आणि सर्वांत शेवटी नाव, असा पारखीचा क्रम ठेवावा. गोळी सात-आठ इंच परत येत असेल, माथ्यावर यंत्र फिरलेले नसेल आणि तडा नसेल, तर बिननावाची ऐरणही घ्यावी. यांतली एक अट जरी पुरी होत नसेल, तर कुशीवर कितीही मोठे नाव असले तरी ती सोडून द्यावी.